राखणीला कुत्रा हवा? मग मादीला नाही म्हणू नका!

जालना एमआयडीसीत पाळी सुटली की चहाच्या टपरीसमोर कामगारांबरोबर कुत्रीही जमतात. कुणी बिस्किट टाकतो, कुणी डब्यातली उरलेली पोळी. रोलिंग मिलच्या गेटवरचा वॉचमन एखाद्या पिलाला नावही देतो. पण परप्रांतातला कामगार काम संपले की गावी जातो, कुत्रे तिथेच राहते.

आपला शेतकरीही पिलू शोधत तिथे येतो. मोसंबीची बाग, आखाड्यावरची जनावरे, रात्रीचा रोही-रानडुकरांचा त्रास. राखणीला कुत्रा हवाच. पण त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, “नर हाये का?” मादी निघाली की हात मागे!

कारण सर्वांना माहीत आहे. मादी वर्षातून साधारण दोनदा माजावर येते. दारात कुत्र्यांची झुंड, अन् दोन महिन्यांत चार-सहा पिले. मग एका रात्री ती पोत्यात घालून रस्त्यावर सोडली जातात. जी जगतात, ती पुन्हा वितात. ज्यांना आपण भटकी म्हणून दगड मारतो, त्यांतली कितीतरी आपल्याच दारातून गेलेली असतात.

शस्त्रक्रिया झालेली मादी घ्या

निर्बीजीकरण झालेली मादी माजावर येत नाही, विण्याचा प्रश्नच उरत नाही. राखण मात्र सुटत नाही. परक्या माणसावर ती पहिल्यासारखीच भुंकते. उलट मोकळा नर माजावरच्या मादीमागे रात्र रात्र शिवार फिरतो अन् बाग उघडी पडते.

अशी कुत्री निवाऱ्यात मिळतात. निर्बीजीकरण झाल्याची खूण म्हणून कानाला खाच असते. पिलापेक्षा दीड-दोन वर्षांचे जनावर बरे. त्याचा स्वभाव आधीच कळतो. शेळ्या-कोंबड्यांजवळ ते कसे वागते, ते विचारून घ्या. लसीचे कार्ड मागा. निवारेवाले तुमचे ओळखपत्र अन् लेखी हमी मागतील. त्यात राग मानू नये.

दिल्लीतील भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात दत्तक घेण्याची वाट सांगितली आहे. महापालिकेकडे अर्ज करायचा, कुत्र्याला बिल्ला लावून ते ताब्यात मिळते. मात्र ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्याची. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, दवाखाने, बसस्थानके यांच्या आवारातली कुत्री परत न सोडता निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश झाला. तेव्हा निवाऱ्यांवरचा भार वाढणार. एक कुत्रे घरी गेले, तर दुसऱ्याला जागा होते.

आणल्यावर काय करावे?

पहिले आठ-दहा दिवस लांब दोरीने बांधा, दोन्ही वेळा त्याच माणसाने भाकर घालावी. पाण्याचे भांडे सावलीत ठेवा. जंताचे औषध द्या. रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्या. पिलाला पहिली लस तीन महिन्यांचे झाल्यावर. रेबीज एकदा उमटला की माणूस वाचत नाही म्हणून ही टाळाटाळ परवडणारी नाही. कुत्रे चावलेच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा अन् त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. हळद-मिरचीचा लेप नको.

ग्रामपंचायतींसाठी

१० मार्च २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. कुत्री टेम्पोत भरून शेजारच्या शिवारात सोडणे हा उपाय नव्हे. शेजारचे गावही तेच करते. त्यापेक्षा सरपंच व ग्रामसेवकांनी ग्रामसभेत पाळीव कुत्र्यांची यादी करावी, पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून लसीकरणाचा एक दिवस ठरवावा. घरच्या मादीची शस्त्रक्रिया कुठे होईल, हेही त्याच दिवशी विचारून घ्यावे.

पोत्यात घालून सोडलेले पिलू आपण विसरतो. वर्षभराने तेच आपल्या पोराच्या शाळेच्या वाटेवर उभे असते. तेव्हा पुढच्या खेपेला निवड करताना “नर हाये का?” असे विचारू नका. “शस्त्रक्रिया झालीया का?” एवढेच विचारा.