मातृ-पर्यावरणीय प्रभाव (वनस्पती)

मातृवनस्पतीने वाढीच्या आणि बीजधारणेच्या काळात अनुभवलेल्या परिस्थितीचा तिच्या संततीच्या गुणधर्मांवर होणारा परिणाम म्हणजे मातृ-पर्यावरणीय प्रभाव होय. तापमान, पाणी, प्रकाश, जमिनीतील अन्नद्रव्ये, कीड व रोग हे या परिस्थितीचे प्रमुख घटक आहेत. एकाच वाणाचे बियाणे दोन वेगळ्या हंगामांत किंवा दोन वेगळ्या शेतांत तयार झाले, तर जनुके जवळपास सारखी असूनही दाण्याचा आकार, उगवणक्षमता, सुप्तावस्था आणि रोपाचा जोम यांत फरक पडू शकतो. बीजोत्पादन, पीक पैदास आणि परिस्थितिविज्ञान या तिन्ही क्षेत्रांत या प्रभावाला महत्त्व आहे.

बीजाची रचना आणि मातेचा वाटा

सपुष्प वनस्पतींच्या बीजात मातेचा व पित्याचा वाटा समान नसतो. भ्रूणाला दोघांकडून प्रत्येकी निम्मी गुणसूत्रे मिळतात. भ्रूणपोषात सामान्यतः मातेकडून आलेले दोन आणि पित्याकडून आलेला एक गुणसूत्रसंच असतो. बीजावरण बीजांडाच्या आवरणांपासून तयार होत असल्याने ते पूर्णपणे मातेच्या ऊतींचे असते. हरितलवके व तंतुकणिकाही बहुतेक वनस्पतींत मातेकडूनच येतात. याशिवाय बीजात साठणारे पिष्ट, प्रथिने, मेद आणि खनिजे मातृवनस्पतीच पुरवते. तूर, मूग, हरभरा यांसारख्या कडधान्यांत भ्रूणपोष बीज पक्व होईपर्यंत जवळजवळ संपतो व साठा बीजपत्रांत, म्हणजे डाळीत, राहतो.

हरितलवकांतील जनुकांमुळे होणारी मातृक आनुवंशिकता आणि मातृ-पर्यावरणीय प्रभाव या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत जनुके स्वतः मातेकडून येतात. दुसऱ्यात जनुके न बदलता मातेच्या परिस्थितीचा ठसा संततीवर उमटतो.

यंत्रणा

हा प्रभाव मुख्यतः तीन मार्गांनी घडतो.

पहिला मार्ग अन्नसाठ्याचा आहे. दाणे भरण्याच्या काळात पाणी किंवा नत्र कमी पडल्यास दाणे लहान राहतात आणि रोपाला सुरुवातीच्या वाढीसाठी मिळणारी शिदोरी घटते.

दुसरा मार्ग संप्रेरके व बीजावरण यांचा आहे. अॅब्सिसिक आम्ल सुप्तावस्था टिकवते, तर जिबरेलिन उगवणीला चालना देते. बीज पक्व होत असतानाच्या परिस्थितीनुसार या दोहोंचा तोल आणि बीजावरणाची जाडी बदलते. अराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील प्रायोगिक वनस्पतीत थंड हवेत पक्व झालेली बीजे अधिक सुप्त असतात. मातृवनस्पती अनुभवलेल्या तापमानाची माहिती फळाच्या ऊतींमार्फत बीजावरणापर्यंत पोहोचवते, असे त्यावरील संशोधनातून दिसून आले आहे.

तिसरा मार्ग अधिजनुकीय आहे. डीएनएचा अनुक्रम न बदलता त्यावरील मिथिल गटांची मांडणी किंवा लहान आरएनए रेणूंचे प्रमाण बदलते आणि काही जनुकांची अभिव्यक्ती कमी-अधिक होते. अशा खुणांपैकी काही बीजातून पुढच्या पिढीत जातात.

संशोधनातील उदाहरणे

रानमुळ्यावरील एका अभ्यासात अळ्यांनी पाने खाल्लेल्या झाडांची संतती अळ्यांना अधिक प्रतिकारक आढळली. हा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकन घंटाफुलाच्या झाडांवरील २००७ मधील अभ्यासात, संततीला मातेसारखीच सावली किंवा ऊन मिळाल्यास तिची कामगिरी अधिक चांगली असल्याचे दिसले. अशा प्रसंगी प्रभाव संततीला उपकारक ठरतो, कारण बी सहसा मातेच्या आसपासच पडते आणि तिला मातेसारखीच परिस्थिती मिळण्याची शक्यता असते. मात्र प्रत्येक प्रभाव उपकारक नसतो. उपासमार झालेल्या झाडाचे किडकिडीत बी ही अनेकदा निव्वळ हानीच असते.

बदनापूर व मराठवाड्यातील पिके

जालना जिल्ह्यातील बदनापूर येथे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे (परभणी) कृषी संशोधन केंद्र असून ते तूर व इतर कडधान्यांच्या वाणांसाठी ओळखले जाते. बीडीएन-७११ हा पांढऱ्या दाण्याचा लवकर येणारा आणि बीएसएमआर-७३६ हा लाल दाण्याचा तुरीचा वाण या केंद्राच्या परिचित वाणांपैकी आहेत. जालना शहर बियाणे उद्योगाचेही केंद्र आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तेथे महिको या कंपनीची स्थापना केली.

मराठवाड्यात कोरडवाहू तूर पावसाळ्याच्या सुरुवातीला पेरली जाते, परंतु मध्यम कालावधीच्या वाणांच्या शेंगा पाऊस थांबल्यानंतर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर भरतात. हलक्या जमिनीत हा ओलावा आधी संपतो. त्यामुळे एकाच वाणाचे भारी काळ्या जमिनीतील बी टपोरे आणि हलक्या जमिनीतील बी बारीक भरू शकते. लवकर येणारे वाण हा ताण काही प्रमाणात चुकवतात.

मुगाच्या बाबतीत काढणीच्या वेळचे हवामान निर्णायक ठरते. पक्व शेंगांवर सलग पाऊस झाल्यास शेंगेतच दाण्यांना कोंब फुटतात. उलट, उष्ण व कोरड्या हवेत पक्व झालेल्या पिकात कठीण आवरणाच्या, पाणी न शोषणाऱ्या दाण्यांचे प्रमाण वाढते. न भिजणाऱ्या व न शिजणाऱ्या अशा दाण्यांना व्यवहारात गणंग म्हणतात. स्वयंपाकात ते दोषास्पद असले, तरी निसर्गात ही पहिल्या पावसाच्या फसव्या सरीत न उगवण्याची सोय आहे.

सोयाबीन बियाण्याचा प्रश्न

या प्रभावाचे आर्थिक परिणाम सोयाबीनच्या पिकात ठळकपणे दिसतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये काढणीच्या वेळी झालेल्या पावसात महाराष्ट्रातील सोयाबीन मोठ्या प्रमाणावर भिजले. पुढील खरिपात, म्हणजे २०२० मध्ये, बियाणे न उगवल्याच्या तक्रारी राज्याच्या अनेक भागांतून आल्या आणि अनेक शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची वेळ आली. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली.

सोयाबीनचे बीजावरण पातळ व नाजूक असते आणि दाण्यात मेद सुमारे २० टक्के असतो. पक्व दाणा शेंगेत असताना वारंवार भिजला व वाळला की आवरण सुरकुतते, तडकते आणि बुरशीला वाट मिळते. पेशीपटले दुबळी होतात आणि साठवणुकीत मेदाचे ऑक्सिडीकरण वेगाने होते. बी वरून धडधाकट दिसले, तरी उन्हाळा ओलांडेपर्यंत त्याची उगवणक्षमता खालावते. पक्वतेनंतर मातेकडून होणारा पुरवठा थांबलेला असल्याने काटेकोर अर्थाने ही हानी मातृवनस्पतीमार्फत होत नाही. परंतु बी झाडावर असतानाच ती घडत असल्यामुळे व्यापक अर्थाने ती याच विषयात गणली जाते. बनावट बियाणे आणि खराब हवामानात तयार झालेले अस्सल बियाणे यांतील भेद यामुळे महत्त्वाचा ठरतो. दोन्हींत पेरणी वाया जाते. मात्र वाणाची जनुकीय शुद्धता तपासून दुसऱ्या प्रकारचा दोष कळत नाही, त्यासाठी उगवण चाचणीच लागते.

प्रमाणित सोयाबीन बियाण्याची किमान उगवणक्षमता ७० टक्के असावी लागते. घरचे बियाणे वापरताना ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवून उगवलेले दाणे मोजण्याची सोपी चाचणी कृषी विभाग सुचवतो. काढणीच्या पावसाचा धोका टाळण्यासाठी राज्यात उन्हाळी सोयाबीनचे बीजोत्पादनही घेतले जाते. उष्णतेमुळे त्याचा दाणा खरिपातील त्याच वाणापेक्षा लहान भरतो. दाण्याचा हा लहानपणा वाणाचा दोष नसून हंगामाचा परिणाम असतो.

प्रभावाची मर्यादा

बहुतेक मातृ-पर्यावरणीय प्रभाव रोपावस्थेत सर्वाधिक दिसतात आणि झाड वाढेल तसे ओसरतात. पुढच्या पिढीला अनुकूल परिस्थिती मिळाल्यास ते सहसा नाहीसे होतात. अनेक अधिजनुकीय खुणा प्रजननाच्या वेळी पुसल्या जातात. उदाहरणार्थ, हिवाळ्यातील थंडीमुळे अराबिडॉप्सिसमध्ये फुलोऱ्यासाठी तयार होणारी स्मृती भ्रूणनिर्मितीत पूर्ववत होते व प्रत्येक पिढीला थंडी नव्याने अनुभवावी लागते. काही खुणा मात्र अनेक पिढ्या टिकतात. त्यामुळे अर्जित गुण कायमचे आनुवंशिक होतात, हा लामार्क यांच्या नावाशी जोडलेला विचार या प्रभावाने सिद्ध होत नाही. दुष्काळात वाढलेल्या झाडाचे बी घेतल्याने दुष्काळ सहन करणारा नवा वाण तयार होत नाही. त्यासाठी जनुकीय विविधतेतून निवड करावी लागते.

अभ्यासपद्धती

जनुकांचा व मातेच्या परिस्थितीचा परिणाम वेगळा करण्यासाठी संशोधक तुलनेतील सर्व वंश आधी किमान एक पिढी एकाच परिस्थितीत वाढवतात. मातृ-पितृ भूमिका उलटवून केलेल्या व्यत्यस्त संकरांतून मातेचा वाटा स्पष्ट होतो. वाणांच्या तुलनात्मक चाचण्यांतही सर्व वाणांचे बियाणे शक्यतो एकाच हंगामातील व एकाच ठिकाणचे असणे इष्ट असते. अन्यथा चांगल्या शेतात तयार झालेले बी हाच वाणाचा गुण समजला जाण्याचा धोका राहतो.