वीकएण्डला मॉल नाही, मळा!

ऑनसाइट म्हणजे वीकएण्डला लाँड्री, कॉस्टको आणि कुणाकडे तरी पॉटलक. नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल पार्कमधल्या आम्हा आयटीवाल्यांचं हे ठरलेलं! म्हणून कलीगनं 'शनिवारी शेतावर येतोस?' विचारलं, तेव्हा मी हसलोच. तासाभराच्या आत आम्ही सीडर ग्रोव्हला. तिथल्या मेथडिस्ट चर्चनं सुरू केलेला मळा, 'अनाथोथ'.

त्याची स्टोरी ऐका. २००४ मध्ये इथल्या एका दुकानदाराचा खून झाला. गाव हादरलं. त्यानंतर एका कृष्णवर्णीय बाईंनी आपली पाच एकर जमीन या बहुतांश गोऱ्यांच्या चर्चला देऊन टाकली. यांचे पूर्वज दुसऱ्यांची शेतं वाट्यानं कसायचे, बरं का! २००५ मध्ये मळा सुरू झाला. भाजी गरजू शेजाऱ्यांच्या घरी जायला लागली. सुरुवातीचा नियम साधा होता : आठवड्याला दोन तास राबा, भाजी न्या. म्हणजे देणारा कोण नि घेणारा कोण, कळायलाच नको. (मला ही आयडिया जाम आवडली.)

नाव बायबलमधलं. शत्रूनं शहराला वेढा घातलाय, आणि यिर्मया संदेष्टा अनाथोथचं शेत विकत घेतोय!

मी मात्र समाजसेवेच्या थाटात खाली बसलो आणि तण समजून गाजरं उपटली. शेतकऱ्याचा नातू, काय राव! आजोबांची साताऱ्याकडची दोन एकर बाबा विकायला निघालेत, आणि 'टाका विकून' म्हणणारा मीच.

रात्री फोन लावला. "बाबा, गिऱ्हाइकाला जरा थांबायला सांगा."

"का रे, भाव वाढणारेत का?"