पालकाचा शब्द आणि पाल्याची वाणी

विकलांगांसाठी काम करणाऱ्या आपल्याकडील अनेक संस्थांचा उगम शोधू गेल्यास तो एखाद्या घरापाशी येऊन थांबतो. आपल्या अपत्याला शाळेत जागा नाही, हा अनुभव आलेली आई किंवा वडील तेथे आरंभी असतात. अशा पालकाचे नेतृत्व अन्य सामाजिक नेतृत्वाहून एका बाबतीत निराळे असते. दलित आत्मकथनांच्या संदर्भात मराठी समीक्षेने सहानुभूती आणि स्वानुभव यांतील भेदाची पुष्कळ चर्चा केली आहे. पालक या दोहोंच्या मध्ये उभा असतो. ज्याच्या वतीने तो बोलतो ते दुःख त्याच्या स्वतःच्या देहाचे नसते. तरीही त्याला परका म्हणता येत नाही. या मधल्या स्थानाचे सामर्थ्य कोणते आणि त्याची मर्यादा कोणती, हे मुंबईतील एका संस्थेच्या आधारे येथे पाहावयाचे आहे.

मिठू अलूर यांची कन्या मालिनी चिब हिचा जन्म १९६६ मधला. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. या अवस्थेत मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवरील ताबा सुटतो. हालचाल आणि उच्चार कठीण होतात, परंतु बुद्धी शाबूत असू शकते. हा भेद त्या काळी फारसा कोणी जाणत नसे, आणि बोलता न येणारे मूल मंदबुद्धीच समजले जाई. मिठू अलूर यांनी इंग्लंडमध्ये विशेष शिक्षणाचे प्रशिक्षण घेतले आणि १९७२ साली मुंबईत 'द स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था स्थापन केली. आरंभी मुले होती अवघी तीन. शिक्षण आणि उपचार एकाच छताखाली देणे, हे या कामाचे सूत्र होते. पुढे कोलकाता, दिल्ली, बंगळूर आणि चेन्नई येथेही अशा संस्था उभ्या राहिल्या. चेन्नईतील, आज 'विद्यासागर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचा १९८५ मध्ये आरंभ करणाऱ्या पूनम नटराजन याही अशाच एका मुलाची आई होत.

या नेतृत्वाचे बळ दुहेरी आहे. पालकाला मुलाची रोजची गरज तपशिलाने ठाऊक असते. आणि आपल्यासारखी इतर घरे भेटली म्हणजे खासगी दुःखाचे सार्वजनिक मागणीत रूपांतर होते. अलूर यांनी लंडन विद्यापीठातील आपल्या संशोधनात एकात्मिक बालविकास योजनेची चिकित्सा केली. सर्व बालकांसाठी म्हणविणारी ही योजना विकलांग बालकांना प्रत्यक्षात वगळते, हे त्यांनी दाखविले. दानाच्या भाषेकडून हक्काच्या भाषेकडे झालेला हा प्रवास होय.

तथापि पालकांच्या मनात एक प्रश्न सतत असतो : आमच्यामागे याचे काय होणार? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने या प्रश्नाला कायद्याचे रूप दिले. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी स्थानिक समितीमार्फत पालक नेमण्याची सोय त्यात झाली. येथे मराठी भाषेची एक लकब ध्यानी घेण्याजोगी आहे. आईबाप आणि कायद्याने नेमलेला संरक्षक, या दोघांनाही आपण 'पालक'च म्हणतो. इंग्रजीत वेगळ्या असलेल्या या दोन संकल्पना आपल्या व्यवहारात एकमेकींत सहज मिसळतात. आणि प्रौढ झालेल्या अपत्याच्या वतीने निर्णय घेणे हाही मायेचाच विस्तार वाटू लागतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने 'मर्यादित पालकत्वा'ची कल्पना मांडून या विस्ताराला आवर घातला. परस्परविश्वासावर आधारलेला संयुक्त निर्णय, हे तिचे मर्म आहे.

या पार्श्वभूमीवर मालिनी चिब यांच्या 'वन लिट्ल फिंगर' (२०१०) या इंग्रजी आत्मकथनाचे महत्त्व कळते. एका बोटाने टंकलेखन करून त्यांनी ते लिहिले. आईच्या धडपडीची कथा येथे कन्येच्या बाजूने सांगितली जाते, आणि कथेचा 'विषय' असलेली व्यक्ती तिची निवेदक होते. शोनाली बोस या त्यांच्या नात्यातील बहिणीने २०१४ मध्ये दिग्दर्शित केलेल्या 'मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ' या चित्रपटामागेही मालिनी यांच्या जीवनाची प्रेरणा आहे. त्यातील आई महाराष्ट्रीय आहे. कन्येची काळजी कोठे संपते आणि तिच्या खासगी आयुष्यात ढवळाढवळ कोठे सुरू होते, हा संघर्ष त्या कल्पित कथेत आला आहे. मूळ संस्थेचे नावही पालटले. इंग्रजीत शिवीसारखा वापरला जाऊ लागलेला 'स्पास्टिक' हा शब्द गळाला आणि 'अडॅप्ट' हे नाव आले. विकलांग व अविकलांग यांचे एकत्र असणे त्या नावात अभिप्रेत आहे. संस्थेतील हक्कगटाचे नेतृत्व मालिनी यांनी केले.

यावरून पालकाचे नेतृत्व कालबाह्य झाले, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. शब्द वा लेखणी हाती येणारच नाही, अशी माणसेही आहेत. त्यांच्या बाबतीत पालकाला बोलावेच लागेल. मात्र त्यांचीही आवड-निवड असते; ती नजरेतून, देहाच्या ओढीतून आणि नकारातून व्यक्त होते. ती वाचता येणे आणि तिला निर्णयात स्थान देणे, ही अशा नेतृत्वाची खरी कसोटी होय. आपल्या पाल्यासाठी बोलता बोलता पालक त्याला ऐकण्याची जागा राखतो की नाही, हेच अखेरीस पाहावयाचे असते.