टाकीत पेट्रोल आहे, तरी इंजिन उपाशी का? – सर्ज टँकची जोडणी समजून घेताना



बँकेत असताना हिशेब न जुळणारी खाती माझ्याकडे येत. निवृत्तीनंतर असे एक खाते घरातूनच आले. माझ्या भाच्याने एक जुनी पेट्रोल गाडी घेऊन तिला टर्बो बसवला. ती तो फक्त कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर चालवतो. तिथे सलग वळणांत इंजिन अडखळू लागले आणि शेवटी एक पिस्टन वितळला. दुरुस्तीचे बिल पाहून बहिणीने मला बोलावले, ‘हिशेब तेवढा बघ रे’ म्हणून. बिल बरोबर होते. चूक पेट्रोलच्या हिशेबात होती. आपल्या मंडळातल्या आणखी दोन-चार घरांत मुलांना हाच नाद आहे, म्हणून ती चूक इथे मांडतो.

पेट्रोल पळते कुठे?

ताटात आमटी असताना ताट हलवले की आमटी एका कडेला जाते. टाकीत तेच होते. गाडी जोरात वळते तेव्हा बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या निम्मा असला तर पेट्रोलची पातळी सुमारे २७ अंशांनी कलते. जोर गुरुत्वाकर्षणाइतका झाला तर ४५ अंशांनी. टाकी पाव भरलेली असेल तर सगळे पेट्रोल एका कोपऱ्यात जाते आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत फ्लोट चेंबरमध्ये थोडे पेट्रोल साठलेले असे, त्यामुळे क्षणभराची ओढ कळत नसे. इंजेक्शनच्या गाडीत तशी शिल्लक नाही. तिथे पेट्रोल साधारण ३ बार दाबाने सतत हवे. पंपाने हवा ओढली की दाब लगेच पडतो, इंजिनात हवा जास्त आणि पेट्रोल कमी होते. टर्बोच्या इंजिनात अशा वेळी नॉकिंग सुरू होते आणि काही सेकंदांत पिस्टन जातो.

कंपनीने बनवलेल्या बहुतेक गाड्यांत यासाठी टाकीतच पंपाभोवती एक छोटे भांडे असते. रस्त्यावर ते पुरते. ट्रॅकवर पुरेलच असे नाही, म्हणून मुले एक ते तीन लिटरची वेगळी टाकी बसवतात. तिला सर्ज टँक म्हणतात.

चार पाइप, चार कामे

आपल्या घरी जमिनीखालचा हौद आणि गच्चीवरची टाकी असते, तशीच ही रचना आहे. मूळ टाकी म्हणजे हौद. सर्ज टँक म्हणजे गच्चीवरची टाकी, ती कायम काठोकाठ भरलेली हवी.

१. भरणा: मूळ टाकीतला कमी दाबाचा पंप पेट्रोल आणून सर्ज टँकमध्ये वरच्या बाजूने सोडतो.

२. पुरवठा: सर्ज टँकच्या अगदी तळातून पाइप निघून जास्त दाबाच्या पंपाला जातो आणि तिथून इंजिनाला. हा पंप टाकीपेक्षा खाली बसवावा, कारण असे पंप ढकलण्यात पटाईत पण ओढण्यात कच्चे असतात.

३. परतावा: इंजिनाला लागले त्याहून जास्तीचे पेट्रोल रेग्युलेटरमधून परत येते. ते सर्ज टँकमध्येच यायला हवे. पाइप तळाच्या तोंडापासून दूर लावावा, म्हणजे बुडबुडे पंपात जात नाहीत.

४. ओव्हरफ्लो: टाकीच्या सर्वांत वरच्या टोकातून निघालेला पाइप मूळ टाकीत जातो. जादा पेट्रोल आणि मुख्य म्हणजे हवा याच वाटेने बाहेर पडते. हा पाइप भरण्याच्या पाइपाएवढा तरी जाड असावा आणि त्यावर कॉक नसावा. तो तुंबला तर सर्ज टँकमध्येच दाब चढतो आणि इंजिनाचा दाबही बिघडतो.

नव्या गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच असतो आणि परताव्याचा पाइप नसतो. तिथे बाहेर वेगळा रेग्युलेटर बसवल्याशिवाय ही जोडणी होत नाही.

चूक कुठे होती?

भाच्याच्या गाडीत सर्ज टँक होता, पण गॅरेजवाल्याने तिसरा पाइप, म्हणजे परतावा, मूळ टाकीत सोडला होता. दिसायला जोडणी व्यवस्थित होती, गाडी घरी चालूही झाली. आता जमा-खर्च मांडू.

सर्ज टँक २ लिटरचा. दोन्ही पंप ताशी २५५ लिटरचे, म्हणजे मिनिटाला सव्वाचार लिटर. २०० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोरात मिनिटाला साधारण १ लिटर जाळते.

परतावा सर्ज टँकमध्ये असेल तर टाकीतून खरा खर्च फक्त इंजिनाचा. दहा सेकंदांच्या वळणात भरणा बंद पडला तरी सुमारे १७० मिलि कमी होते. सरळ रस्ता लागताच मिनिटाला तीन लिटरहून जास्त शिल्लक येते आणि ती तूट तीन-चार सेकंदांत भरते.

परतावा मूळ टाकीत गेला तर पंप ओढेल ते सगळे खर्ची पडते. त्याच वळणात सुमारे ७०० मिलि जाते. पुढे सरळ रस्त्यावरही जमा सव्वाचार आणि खर्चही सव्वाचार, म्हणजे तूट भरायला शिल्लकच नाही. तीन वळणांत २ लिटरची टाकी कोरडी. काट्यावर पाव टाकी पेट्रोल दिसत होते आणि इंजिन उपाशी होते. बँकेच्या तिजोरीत पैसे असूनही कॅशियरचा गल्ला रिकामा असावा, तसे झाले.

मी भाच्याला हे कागदावर मांडून दाखवले तेव्हा तो म्हणाला, “मामा, एक पाइप बदलायचा होता फक्त?” होय, एकच पाइप.

सुरक्षितता आधी

पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. म्हणून घरच्या पोर्चमध्ये, इन्व्हर्टरशेजारी किंवा आत देवघरात समई तेवत असताना हे काम करू नये.

पाइप इंजेक्शनच्या दाबाचा, एसएई ३०आर९ असे छापलेला घ्यावा. टाकीत पेट्रोलमध्ये बुडणारा तुकडा मात्र ३०आर१० हवा, कारण साधा पाइप बाहेरून पेट्रोल लागून खराब होतो. पंपावर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, तेव्हा पाइप आणि सील इथेनॉलला टिकणारे आहेत ना, हे विचारून घ्यावे.

आपल्या उद्यमबागेत अ‍ॅल्युमिनियमची टाकी वेल्डिंग करून मिळू शकते. पेट्रोल भरण्याआधी तिच्यात थोडी हवा भरून पाण्याच्या टबात बुडवून पाहावी. एकदा पेट्रोल भरलेल्या टाकीला पुन्हा वेल्डिंग लावू नये, त्यात स्फोटाचा धोका असतो.

टाकी डिकीत बसवली तर ती आणि माणसे यांच्यामध्ये धातूचा बंद पडदा हवा. दोन्ही पंपांना रिले आणि फ्यूज हवेत, आणि इंजिन बंद पडताच पंप बंद झाले पाहिजेत. धडक बसल्यावर पंप तोडणारा स्विच आणि हाताशी अग्निशामक हवाच.

पहिल्यांदा चालू करताना आधी फक्त भरण्याचा पंप लावावा. ओव्हरफ्लोमधून पेट्रोल परत येताना दिसले की समजावे, सर्ज टँक भरला. प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून गळती पाहावी. मगच दुसरा पंप आणि शेवटी इंजिन.

एक गोष्ट पालकांसाठी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही आणि विम्याचा दावाही अडू शकतो. अशी गाडी ट्रॅकपुरतीच ठेवावी आणि तिथवर ट्रकवरून न्यावी.

मुलांचा नाद मोडावा असे माझे म्हणणे नाही. गाडी गॅरेजमधून आली की मुलाला एवढेच विचारा: “परताव्याचा पाइप कुठे जातो, दाखव.” त्याने बोट सर्ज टँककडे दाखवले तर निम्मी काळजी मिटली. उरलेली निम्मी तो ट्रॅकवरून सुखरूप घरी आला की मिटते.