दारुहरिद्रा, पिप्पली आणि औषधांना न जुमानणारे जिवाणू

देवणी म्हटले की महाराष्ट्राला येथील गोवंश आठवतो. या गोवंशाचे पालक आणि आम्ही वैद्य यांचा एक शत्रू मात्र समान आहे : स्टॅफिलोकोकस ऑरियस. गाईच्या कासेचा दाह असो वा माणसाचे चिघळलेले गळू, दोहोंमागे हा जिवाणू वारंवार आढळतो. प्रतिजैविकांच्या अर्धवट व अनावश्यक वापरामुळे त्याचे कित्येक वाण औषधांना जुमानेनासे झाले आहेत. २०२२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट जिवाणूंच्या औषधरोधामुळे घडले.

या संकटात वनस्पतींकडे वळलेल्या संशोधनाने आपल्याला विचारप्रवृत्त करणारी एक गोष्ट दाखवली आहे. सुश्रुतांनी हरिद्रादी गणात सांगितलेल्या दारुहरिद्रेत बर्बेरीन हे जिवाणुरोधी द्रव्य असते. परंतु या जिवाणूच्या पेशीभित्तीलगतच्या पटलातील ‘नॉर-ए’ नावाचा पंप ते बाहेर फेकतो. २००० साली अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले की, दारुहरिद्रेच्या तेथील भगिनी-जातींत बर्बेरीनसोबत दुसरेही एक द्रव्य असते. ते स्वतः जिवाणू मारत नाही, मात्र पंप रोखून धरते व बर्बेरीनचा प्रभाव वाढवते. पुढे २००६ मध्ये जम्मू येथील प्रयोगशाळेच्या अभ्यासात पिप्पली व मिरे यांतील पायपरीनही हाच पंप रोखून सिप्रोफ्लॉक्सॅसिनला बळ देते, असे दिसून आले. संयोगाचे महत्त्व जाणणाऱ्या शास्त्राला हे नवल वाटू नये.

तथापि येथेच सावध राहणे अगत्याचे आहे. परीक्षानळीत मिळालेले यश म्हणजे रुग्णाच्या शरीरातील यश नव्हे. बर्बेरीन आतड्यातून रक्तात अत्यल्प शोषले जाते; त्यामुळे रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गावर केवळ त्याच्या भरवशावर राहणे धोक्याचे ठरेल. पायपरीन फेनिटॉइन, थिओफायलिन यांसारख्या औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवते. म्हणून अपस्माराच्या वा दम्याच्या रुग्णास पिप्पलीयुक्त कल्प देताना त्याची चालू औषधे विचारल्यावाचून चिठ्ठी लिहू नये.

औषधविक्रेते बंधूंचे उत्तरदायित्वही तितकेच मोठे आहे. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीतील प्रतिजैविके चिठ्ठीविना देऊ नयेत व त्यांची स्वतंत्र नोंद ठेवावी. दारुहरिद्रा मराठवाड्याच्या रानात उगवत नाही, ती हिमालयातून येते. तेव्हा खरेदी करताना काष्ठाची ओळख पटवूनच घ्यावी. आपल्या कल्पावर ‘आयुर्वेदिक अँटिबायोटिक’ असा शिक्का मारण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा.

ताप, गळू, जखम घेऊन येणाऱ्या रुग्णाची लक्षणे बळावत असतील, तर पू वा रक्ताची कल्चर तपासणी करवून वेळीच रुग्णालयात पाठवणे, हाही चिकित्सेचाच भाग होय. शास्त्राची प्रतिष्ठा दाव्यांनी नव्हे, तर बऱ्या झालेल्या रुग्णांनी वाढते, अशी आमची धारणा आहे.