ध्वनिमुद्रिकेतली खोली

अंध विद्यार्थ्यांसाठी धडे वाचून ध्वनिमुद्रित करण्याचे काम अनेक शिक्षक हौसेने करतात. त्यांची एक तक्रार नेहमीची असते. वाचन कितीही स्वच्छ केले तरी मुद्रण ऐकताना कोणी रिकाम्या हौदात उभे राहून बोलत आहे असे वाटते. मग चर्चा सुरू होते ती महागडा मायक्रोफोन घ्यावा का, याची. आमच्या मते मायक्रोफोनकडे वळण्याआधी खोलीकडे पाहावे.

वर्गात आपण बोलतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या कानावर एक आवाज सरळ येतो. त्याच्यामागून भिंती, छत आणि फरशी यांवरून परावर्तित झालेले असंख्य आवाज येतात. सरळ आवाजानंतर साधारण ०.०५ सेकंदाच्या आत, म्हणजे सुमारे १७ मीटरपर्यंत जादा अंतर तोडून, जी परावर्तने येतात ती मेंदू वेगळी ऐकू देत नाही. मूळ आवाजातच मिसळून टाकतो. शिवाय दोन कान असल्यामुळे आवाजाची दिशा कळते आणि नको त्या दिशेकडे दुर्लक्ष करता येते. एकट्या मायक्रोफोनला दुसरा कान नाही आणि मेंदूही नाही. तो सारे इमानेइतबारे टिपतो. मुद्रण ऐकताना बोलणे आणि परावर्तने एकाच स्पीकरमधून येतात, आणि प्रत्यक्ष वर्गात जाणवलाही नव्हता तो घुमारा उघडा पडतो.

आवाज असा रेंगाळण्याला निनाद म्हणतात. तो मोजायला शिकवले हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सबाइन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने. तिथल्या फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कळेना, तेव्हा १८९५ साली ते काम सबाइन यांच्याकडे आले. त्या दालनात आवाज साडेपाच सेकंद रेंगाळत असे. एक शब्द विरायच्या आत पुढचे दहा-पंधरा शब्द त्यावर येऊन आदळणार! सबाइन यांनी रात्रीच्या शांततेत, शेजारच्या सभागृहातील आसनांच्या गाद्या आणून, ऑर्गनची एक नळी वाजवून निनाद किती वेळाने विरतो हे पुन्हा पुन्हा मोजले. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरतात:

निनादकाल (सेकंद) = ०.१६ × खोलीचे घनफळ (घनमीटर) ÷ एकूण शोषण (चौरस मीटर)

शोषणाचे माप म्हणून त्यांनी चक्क उघडी खिडकी घेतली. खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून १ चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे १ एकक.

आपल्या वर्गाचा हिशेब करू. लांबी ८, रुंदी ६ आणि उंची ४ मीटर. घनफळ १९२ घनमीटर, सर्व पृष्ठभाग २०८ चौरस मीटर. गिलावा आणि फरशी आवाजाचा जेमतेम ३ टक्के भाग शोषतात असे धरले, तर शोषण ६.२४ आणि निनादकाल जवळपास ५ सेकंद. आता ४० मुले आत बसवा. एका मुलाचे शोषण ढोबळमानाने ०.४ धरल्यास शोषण २२ च्या वर जाते आणि निनादकाल १.४ सेकंदावर येतो. बाके आणि दारे आपण हिशेबात धरली नाहीत, त्यामुळे रिकाम्या वर्गाचा प्रत्यक्ष आकडा कमी भरेल. पण शाळा सुटल्यावर शांतता बघून रिकाम्या वर्गात मुद्रण करणारे शिक्षक सर्वात वाईट वेळ निवडतात, हे यावरून दिसेल.

निनाद नेहमीच शत्रू असतो असे मात्र नव्हे. संगीताला तो हवा असतो. आमच्या आवडत्या ध्वनिमुद्रिकांपैकी एक म्हणजे माइल्स डेव्हिस यांची 'काइंड ऑफ ब्ल्यू'. हे जॅझ वादन न्यूयॉर्कमधील ३०व्या रस्त्यावरच्या एका जुन्या चर्चमध्ये, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ या दोन दिवसांत मुद्रित झाले. कोलंबिया कंपनीने त्या वास्तूत ध्वनिमुद्रणगृह थाटले होते. उंच छत, लाकडी जमीन, मोजके मायक्रोफोन आणि तीन मार्गांची टेप. भिंत १० मीटरवर असेल तर तिच्यावरून आवाज परतायला सुमारे ०.०६ सेकंद लागतात. तेवढ्यात ट्रम्पेटच्या स्वराची सुरुवात कोरीव ऐकू येते, आणि मग मागून दालन बोलते. लहान खोलीत ही सवड मिळत नाही. शिवाय तळघरातल्या काँक्रीटच्या खोलीत स्पीकर लावून आवाज घुमवत आणि तो मायक्रोफोनने परत घेऊन चवीपुरता मिसळत.

गंमत अशी की यंत्राने मात्र दगा दिला होता. मार्चच्या दिवशी मुख्य टेपयंत्र किंचित मंद चालत होते. मंद भरलेली टेप योग्य वेगाने वाजवली की प्रत्येक स्वराची वारंवारता वाढते. वेगात १ टक्का फरक असेल तर ४४० हर्ट्झचा स्वर ४४४.४ हर्ट्झ होतो. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना अशा चढ्या लागत. सोबत चाललेल्या दुसऱ्या यंत्रावरची टेप वापरून ही चूक १९९२ साली दुरुस्त झाली. तोवर तेहेतीस वर्षे लोक ती ध्वनिमुद्रिका उत्तम म्हणूनच ऐकत होते! सगळे स्वर एकाच गुणोत्तराने चढल्यामुळे त्यांचे आपसातले नाते बिघडले नव्हते. अडचण झाली असेल ती तिच्यासोबत वाजवू पाहणाऱ्यांची.

धडे वाचणाऱ्यांना चर्च नको, उलट निनाद जितका कमी तितका बरा. कपड्यांचे कपाट उघडे ठेवावे, समोर आणि पाठीमागे गोधड्या टांगाव्यात. दुसरा उपाय फुकट आहे. मायक्रोफोन ८० सेंटिमीटरवरून २० सेंटिमीटरवर, म्हणजे वीतभर अंतरावर आणला, की सरळ येणाऱ्या आवाजाची तीव्रता १६ पट होते. खोलीचा निनाद मात्र होता तेवढाच राहतो. फार जवळ गेल्यास 'प', 'फ' उच्चारताना श्वासाचा फटका बसतो, म्हणून मायक्रोफोन तोंडासमोर न धरता किंचित बाजूला धरावा. एकच परिच्छेद मोबाइलवर तीनदा वाचून पाहावा: रिकाम्या वर्गात हातभर अंतरावर, तिथेच वीतभर अंतरावर, आणि गोधड्यांच्या आडोशाला. कोणते मुद्रण कुठले, हे नववीच्या मुलांना डोळे मिटून ओळखायला लावावे.