रात्री हाताला मुंग्या, सकाळी कप निसटतो? मनगटाच्या दुखण्यात ऑक्युपेशनल थेरपी काय करते?

रात्री दोन-अडीचला हाताला मुंग्या येऊन जाग येते. हात झटकला की बरे वाटते. सकाळी चहाचा कप निसटतो, शर्टाची बटणे लागत नाहीत. ‘हात अंगाखाली आला असेल’ म्हणत अनेक जण, त्यातही मध्यमवयीन महिला, हे महिनोन्‌महिने अंगावर काढतात. बऱ्याचदा हा ‘कार्पल टनेल सिंड्रोम’ असतो.

नेमके काय होते?

मनगटात तळव्याच्या बाजूला हाडे आणि जाड अस्थिबंध यांच्यामध्ये एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि ‘मीडियन’ नस जाते. आत सूज आली तरी बोगदा रुंदावत नाही, मग नस दाबली जाते. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते. करंगळी मात्र सुटते. फक्त करंगळीकडे मुंग्या येत असतील, तर दोष बहुधा दुसऱ्या नसेत, अनेकदा कोपरापाशी असतो. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, संधिवात आणि गरोदरपणात हा त्रास जास्त दिसतो. झोपेत मनगट दुमडले जाते, म्हणून तो रात्री बळावतो.

थेरपिस्ट काय करतात?

‘ऑक्युपेशन’ म्हणजे इथे केवळ नोकरी नव्हे. जेवणे, वेणी घालणे, स्कूटर चालवणे हे सगळे त्यात येते. त्यामुळे पहिला प्रश्न ‘कुठे दुखते’ एवढाच नसतो, ‘कोणते काम अडते’ हाही असतो. सौम्य त्रासात मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट रात्री बांधायला देतात, साधारण सहा आठवडे तरी. दुकानातला तयार पट्टा बऱ्याचदा मनगट मागे वाकवून धरतो, आणि त्याने हवा तो फायदा होत नाही. म्हणून तो बसवून घेतलेला बरा.

मग कामाची पद्धत बदलायची. ओले कपडे मनगट मुरगाळून न पिळता नळाला गुंडाळून पिळायचे. चाकूची, झाऱ्याची मूठ कापड गुंडाळून जाड करायची. पोळ्या लाटताना जोर मनगटातून न देता उभे राहून खांद्यातून द्यायचा. ‘काम बंद करा’ हा सल्ला घर चालवणाऱ्या बाईला देणे सोपे, पाळणे अशक्य. या उपचाराचा खरा उपयोग इथेच आहे.

कधी थांबू नये?

बधिरता दिवसरात्र राहू लागली किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट दिसू लागला, तर स्प्लिंटवर वेळ घालवू नये. नसेची तपासणी करून शल्यचिकित्सकांना दाखवावे. झिजलेला स्नायू शस्त्रक्रियेनंतरही पूर्ववत होईलच असे नाही.

भारतात या उपचाराचे शिक्षण कमला निंबकर यांच्या पुढाकाराने १९५०मध्ये मुंबईच्या केईएममध्ये सुरू झाले. आज केईएमसह शीव, नायर आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हा विभाग आहे.